आतून आवाज, बाद

पडद्यावरच्या मुलीने विचारलं, ‘आई, तुला इथे बरं वाटतं ना?’ आणि उत्तर आलं. खरं तर यायला नको होतं. पडद्यावरची आई, संहितेत लिहिल्याबरहुकूम, ओठ घट्ट मिटून समोरच्या रिकाम्या ताटलीकडे बघत होती. आणि तरी कोणीतरी हळूच, अगदी जवळून, ‘वाटतं की,’ म्हणालं. तिने हेडफोन काढले आणि मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. भिंतींना जाड करडं कापड लावलेली ती छोटीशी खोली, बंद दार, दाराला टांगलेली तिची छत्री आणि सकाळचे अकरा. सत्तावीस वर्षं ती आवाजाचं काम करत होती. या धंद्यात तिला सगळे कानताई म्हणत, नवी पोरं तर तेच तिचं नाव समजून चालत. तीन खोल्यांपलीकडे घड्याळ टिकटिकत असलं तर ते बंद करून या असं सांगणारी बाई. अशा बाईने दचकून मागे वळून बघावं याचं तिला स्वतःलाच हसू आलं. मग तिने तोच तुकडा पुन्हा लावला. ‘वाटतं की.’ या वेळी तिला हसू आलं नाही. आवाज तिच्या आईचा होता.

या चित्रफितीचं प्रकरण आठ वर्षं जुनं. एका मालिकेचा तो पहिला, नमुन्याचा भाग होता. पायलट म्हणतात तो. अठ्ठेचाळीस मिनिटांचा. दिग्दर्शक तेव्हा नवा होता, उत्साहाने फसफसलेला. प्रत्येक टेकनंतर ‘सुंदर! अजून एक,’ म्हणायची त्याला सवय, म्हणून सगळे पाठीमागे त्याला अजूनएक म्हणत, आणि हळूहळू तोंडावरही म्हणू लागले. गोष्ट साधी होती. नोकरी करणारी मुलगी, तिच्याकडे राहणारी आई, दोघींचं घर. वाहिनीवाल्यांनी भाग पाहिला, महिनाभर गुळणी धरून बसले आणि मग सात ओळींचं पत्र पाठवलं. त्यातली चौथी ओळ तिला अजून पाठ होती: ‘आई काहीच बोलत नाही, त्यामुळे प्रेक्षक कंटाळतील.’ तोंडी निरोप असा की आईला एखादं गुपित द्या, नाहीतर तिला जिन्यावरून तरी पाडा. अजूनएकने बाणेदारपणे नकार दिला आणि मालिका बारशाआधीच गेली. डिस्क त्याने बुटांच्या खोक्यात घालून कपाटाच्या डोक्यावर टाकली. आता इतक्या वर्षांनी, लघुपटांना जरा बरे दिवस आल्यावर, त्याने ती खाली काढली होती. मामा, वकील, शेजारीण, प्रत्येक जाहिरातीआधीचा धक्का, असं सगळं त्याने कापून टाकलं आणि खाली उरली सोळा मिनिटं. आई, मुलगी आणि जेवणाचं टेबल. ‘कानताई, आपण आठ वर्षं ज्याला सांगाडा म्हणत होतो ना, तोच सिनेमा होता,’ तो म्हणाला होता. ‘फक्त टेबलाच्या प्रसंगात मला चौथा टेक हवाय. चौथ्यात आईचं काम करणाऱ्या बाईंचे डोळे बघा. कुठून आणलं त्यांनी ते, देव जाणे. पण चौथ्याचा आवाज तुम्ही तेव्हा बाद केलाय. काही होतंय का बघा.’

त्या चित्रीकरणाची वहीही तिने जपून ठेवली होती. तिच्याच बारीक, सरळ अक्षरात: टेक एक, ठीक. टेक दोन, आतून आवाज, बाद. टेक तीन, आतून आवाज, बाद. टेक चार, आतून आवाज, बाद. टेक पाच, उत्तम. त्या ‘उत्तम’खाली दोन रेघा होत्या. अशा रेघा ती क्वचितच मारत असे. मुख्य माइक टेबलाच्या वर, बोलणाऱ्या मुलीच्या डोक्याशी धरलेला होता, आणि त्यात ‘आतून आवाज’ म्हणजे नुसती पुटपुट होती, शब्द कळू नयेत अशी. तिला तेव्हा वाटलं होतं की आपली आई आतल्या खोलीत दादाशी, म्हणजे भावाशी, फोनवर बोलत बसली आहे. पण एक दुसराही माइक होता. असावा गाठीला म्हणून तिने तो आतल्या खोलीच्या दाराशेजारी, पुस्तकांच्या फळीवर ठेवला होता. त्याचा आवाज रेकॉर्डरमध्ये वेगळा साठत राहिला. तो नंतर सवडीने ऐकायचा, असं ठरलं होतं. पण नंतर पत्रच आलं, सात ओळींचं, आणि सवड मिळाली ती आज, टेक दोनपासून.

चित्रीकरणाचं घर तिचंच होतं, तिचं आणि आईचं. भाड्याचं घर जमेना तेव्हा तिनेच हौसेने देऊ केलं होतं. माझ्या घराइतकं शांत घर तुम्हाला शोधून सापडायचं नाही, असं तिने अजूनएकला सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. दिवसभर कानात लोकांचं रडणं, भांडणं, दारं, गाड्या, पावलं, तेच तेच वीस वेळा मागेपुढे करून ऐकायचं, आणि संध्याकाळी घरी आल्यावर तिला एक तास काहीही नको असे. पंखासुद्धा नको. हा नियम कोणी कधी बोलून केला नव्हता. आईने तो आपणहून ओळखला. ती रेडिओ मुलगी यायच्या आधी बंद करायची. कप खाली ठेवताना बशीत आधी करंगळी ठेवायची, कपाची कड बशीला लागू नये म्हणून. एकदा ती घरी आली तर खुर्च्या सरकवताना आवाजच होईना. वाकून पाहिलं तर आईने जुन्या स्वेटरचे गोल तुकडे कापून चारही खुर्च्यांच्या पायांना बांधले होते. ‘आई, तू तर माझ्या खात्यात नोकरीला लागलीस,’ ती कौतुकाने म्हणाली होती. आई हसली होती. हसण्याचा आवाज झाला होता की नाही, ते आता तिला आठवेना, आणि जिच्या कानांची लोकांनी म्हण केली त्या बाईला एवढं आठवू नये याची तिला लाज वाटली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिने टेक तीनचा दुसरा माइक उघडला. मुलीचा तोच प्रश्न, लांबून. मग आईचा आवाज, जवळून, दाराच्या फटीशी तोंड असावं इतका: ‘वाटतं. का नाही वाटणार?’ जरा थांबून, स्वतःशीच: ‘असं नको. असं रागावल्यासारखं वाटतं.’ म्हणजे आई फोनवर नव्हती. आई आतल्या खोलीत, दाराशी उभी राहून, पडद्यावरच्या मुलीला उत्तरं देत होती. बाहेर बाईंना गप्प राहायचे पैसे मिळत होते आणि आत ही फुकटात तालीम करत होती. तिला खुदकन हसू आलं. टेक चार लावण्याआधी ती उठून पाणी प्यायली. छत्री नीट टांगली. इतकी वर्षं रडणारे आवाज कापून, जोडून, स्वच्छ करून दिल्यावर आपल्याला एका वाक्याची भीती वाटावी, हे तिला विचित्र वाटलं. पण भीती वाटत होती, यात संशय नव्हता. तिला आठवत होतं की टेक चारनंतर आपण आत गेलो होतो.

‘आई, तुला इथे बरं वाटतं ना?’ पडद्यावरची मुलगी चौथ्यांदा म्हणाली. आणि आई, आता न चाचरता, जणू तिला अखेर वाक्य सापडलं होतं: ‘वाटतं गं. पण तू घरी येतेस ती दिवसभराचं ऐकून. तुझे कान दमलेले असतात. मला दिसतं ते. मग मी नाही बोलत. दुपारी थोडं बोलून घेते, भांड्यांशी, खिडकीशी. पण खिडकी काय, हूं म्हणत नाही. तू नुसतं हूं म्हटलंस तरी चालेल.’ एवढंच. तिने पडद्याकडे पाहिलं. बाई ताटलीकडे बघत होत्या, आणि ‘खिडकीशी’ या शब्दाला त्यांचे डोळे अगदी थोडे, केसभर, दाराकडे वळले आणि परत आले. अजूनएक ज्या डोळ्यांवर लट्टू झाला होता ते हे. बाईंना ऐकू येत होतं. टेबलाशी, दाराच्या बाजूला बसलेल्या त्या परक्या बाईने आईचं सगळं बोलणं ऐकलं होतं आणि त्या ऐकण्याचाच अभिनय झाला होता. खोलीत एकटी तीच होती जिने कानांवर हेडफोन लावले होते आणि जिला काही ऐकू आलं नव्हतं. मग अजूनएकचं ‘सुंदर! अजून एक.’ मग पावलं. तिची स्वतःची, भराभर, माइकच्या जवळ येणारी. दार उघडल्याचा आवाज. ‘आई, पाच मिनिटं तोंड बंद ठेवता येत नाही का तुला? तुझ्यामुळे तीन टेक गेले माझे. दहा माणसं खोळंबलीत बाहेर.’ आणि आई: ‘बरं.’ दार. पावलं लांब. मग टेक पाच. मुलीचा प्रश्न, आणि त्यानंतर आतून, बाहेरून, कुठूनच काही नाही. आणि त्या काही नाहीच्या शेवटी लांबून तिचा स्वतःचा खूश आवाज: ‘उत्तम!’

त्यानंतर दीड महिन्याने आई दादाकडे गेली. दोन पिशव्या घेऊन, थोडे दिवस म्हणून. दादा त्याच शहरात, पण पार दुसऱ्या टोकाला, बसने पाऊण तासावर. थोड्या दिवसांची आठ वर्षं झाली. कोणी विचारलं तर ती सांगत असे, नातीचा लळा लागलाय, मग आम्ही काय, दुधावरच्या सायीपुढे दुधाला कोण विचारतं? हे ती इतक्यांदा बोलली होती की ते खरंच झालं होतं. पंधरवड्यातून एकदा ती जायची, बसायची, वहिनीच्या हातचा चहा प्यायची, आईला लागतील तशा वाती, गोळ्या आणून द्यायची, आणि निघताना आई म्हणायची, सांभाळून जा, कानाला गार वारा लागू देऊ नको. मग रिकाम्या घरी येऊन ती पाय पसरून बसायची आणि शांतता ऐकायची. सुरुवातीला ती तिला आवडली होती. हे कोणाजवळ बोलता येण्यासारखं नव्हतं, पण खरं होतं. पुढे पुढे मात्र तीच शांतता तिला ओळखीची वाटेना. ती आईने केलेली शांतता नव्हती. ती नुसती रिकामी होती. दोन्हीत फरक असतो हे तिला धंद्यामुळे चांगलं कळत होतं. म्हणून तर प्रत्येक ठिकाणी, काम संपल्यावर, सगळ्यांना पुतळ्यासारखं उभं करून ती खोलीचा मिनिटभराचा गप्पपणा टिपून घेत असे. माणसं असलेल्या खोलीचा गप्पपणा आणि रिकाम्या खोलीचा एकसारखा लागत नाही, एकाच्या जागी दुसरा चिकटवला तर लगेच कळतं. हे ती नव्या पोरांना शिकवायची. स्वतःच्या घराचं तसलं एक मिनिट मात्र तिने कधी घेतलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत तिने प्रसंग लावून पाहिला. टेबल, बाई, मुलगी, चौथ्या टेकचे डोळे. आणि दारामागून आईची उत्तरं, दुसऱ्याचं, तिसऱ्याचं, चौथ्याचं, एकामागून एक, आणि शेवटी पाचव्या टेकची शांतता. आपलं ओरडणं तिने कापलं. ‘बरं’ही कापलं. अजूनएक आला, ऐकलं, आणि खुर्चीवरून उठून खोलीत फेऱ्या मारू लागला. फेऱ्या मारण्याइतकी ती खोली नव्हती, म्हणून तो जागच्या जागी फिरत होता. ‘कानताई, हेच! हेच तर नव्हतं आपल्याकडे! आई बोलत नाही म्हणून मारलं ना त्यांनी आपल्याला? ती बोलत होती! आत बसून बोलत होती! कोण आहेत या? कोणाकडून करून घेतलंत?’

‘आहेत एक,’ ती म्हणाली.

‘आणि ही माझी मुलगी ऐकतच नाही. बापरे. पण मग पुढे काय होतं? शेवटच्या शॉटमध्ये आई एकदम गप्प होते. पाचवा टेक. का गप्प होते? मध्ये काहीतरी हवं. आहे का काही?’

‘नाही,’ ती म्हणाली. आणि तो जिन्यापर्यंत गेल्यावर तिला कळलं की आपण धंद्यात पहिल्यांदाच आवाजाच्या बाबतीत खोटं बोललो. त्याने वळून विचारलं, आवाज जरा दबका आहे, त्यांच्याकडून पुन्हा एकदा स्वच्छ बोलवून घेता येईल का? बघते, म्हणाली.

रविवारी ती रेकॉर्डर खांद्याला अडकवून दादाकडे गेली. दार वहिनीने उघडलं. ‘आज वन्सं हत्यारं घेऊन आल्या,’ वहिनी आत ओरडून म्हणाली. दादाचं घर तसंच होतं, कोणी ना कोणी ओरडून बोलणारं; दादा अंघोळीच्या खोलीतून साबण मागत होता, नात फोनवर मैत्रिणीशी हसत होती, नळ गळत होता. आईची खोली मागच्या बाजूला, खाट, खुर्ची, खिडकी. आई आता अठ्ठ्याहत्तरची होती, अंगाने उतरली होती, पण बसलेली ताठ. तिने दार लावून घेतलं, सवयीने. आणि आईला सगळं सांगितलं. म्हणजे सांगायला सुरुवात केली आणि मग शब्द जुळेनात म्हणून हेडफोनच पुढे केले. आईने ते केसांवरून बेताने, उसने आणलेले असावेत तसे चढवले. आई ऐकत होती आणि ती आईच्या तोंडाकडे बघत होती. ‘वाटतं की’ला आईच्या भुवया वर गेल्या. तिसऱ्याला ती पुटपुटली, ‘हे चांगलं नव्हतं जमलं.’ चौथ्याला तिने खिडकीकडे पाहिलं. आणि मग ते ओरडणं आलं. इथे आणताना तिने काही कापलं नव्हतं. रात्री दोनदा कापून दोनदा परत जोडलं होतं. आईचा चेहरा हलला नाही. शेवटी आईने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

‘हे सिनेमात घालणार?’

‘तू हो म्हणालीस तर.’

‘माझं घाल. बोलले तसं बोलले. पण तुझं ते शेवटचं काढ.’

‘का?’

‘मुलगी वाईट दिसते.’

‘होतीच वाईट.’

‘वाईट नव्हती, दमलेली होती. ते दिसतं का यात? नुसतं ओरडणं ऐकू येतं. लोकांना काय माहीत, सकाळी पाचपासून उभी होतीस, पोटात काही नव्हतं. तुझ्या त्या यंत्राला हे कळतं का?’

यंत्राला ते कळत नाही, हे खरं होतं. तिने मान खाली घातली. ‘आई, त्या ओरडण्यामुळे गेलीस तू?’

‘छे. ओरडलीस म्हणून कोण जातं? तुझे बाबा काय कमी ओरडायचे?’ आई हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिली. ‘मी गप्प बसले ना मग, तर तू बाहेर म्हणालीस, उत्तम. मोठ्यांदा. कितीतरी दिवसांनी तुला एवढं खूश ऐकलं. मला बरंच वाटलं आधी. मग रोज तसंच करायला लागले. तू नसताना पण. महिन्याभराने एकदा दूधवाल्याने काही विचारलं तर तोंडातून शब्द फुटेना, खाकरून घ्यावं लागलं. तेव्हा घाबरले. म्हटलं, इथे राहिले तर मुकी होईन, आणि ही म्हणेल, उत्तम.’

आई हे रागाने बोलली नाही. कोणाला आपल्या जुन्या दुखण्याची हकिगत सांगावी तशी बोलली, आणि म्हणूनच तिला ते सहन होईना. ती रडली. रडताना आवाज होऊ न देण्याची तिला इतकी सवय होती की आईला ते कळायला वेळ लागला. ‘अगं,’ आई म्हणाली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून, ‘मोठ्याने रड की. इथे कोणी काही म्हणत नाही. तुझी वहिनी तर टीव्ही बघून भोकाड पसरते.’ रडता रडता तिला हसू आलं. नाक पुसून झाल्यावर ती म्हणाली, ‘मी ते काढणार नाही, आई. त्याच्याशिवाय तुझं गप्प होणं कळत नाही.’ आईने बोटाला गुंडाळलेली वायर सोडवली. ‘मग माझं “बरं” पण ठेव,’ ती म्हणाली. ‘अर्धवट नको.’

मग स्वच्छ आवाजाचं निघालं. आई म्हणाली, तेच परत कसं बोलू? ते तेव्हाचं होतं. आता नाही यायचं. तिलाही ते पटलं. अजूनएकला सांगता येईल, दबका तर दबका, दारामागचा आवाज दबकाच असतो. पण रेकॉर्डर तर आणला होता. तिने तो खाटेवर ठेवला, माइक आईकडे वळवला, हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवले. आईने ताबडतोब हात मांडीवर घेतले, ओठ मिटले आणि श्वास रोखल्यासारखी बसली. ‘किती वेळ गप्प राहायचं?’ आईने खुणेनेच विचारलं.

‘तू नाही,’ ती म्हणाली. ‘आज मी.’ आणि मग, पडद्यावरची मुलगी पाच वेळा जे म्हणाली होती आणि ती स्वतः एकदाही म्हणाली नव्हती, ते म्हणाली: ‘आई, तुला इथे बरं वाटतं ना?’

आईने बंद दाराकडे पाहिलं.

‘आधी ते दार उघड,’ आई म्हणाली. ‘मग सांगते.’

तिने उठून दार उघडलं. दादा कुठलासा टॉवेल शोधत होता, वहिनी तो कुठे आहे ते तिसऱ्यांदा सांगत होती, नातीचं हसणं, गळका नळ, सगळं धबाधबा आत आलं आणि तिच्या कानात आईच्या श्वासावर येऊन बसलं. आई बोलू लागली. पहिली दोन वाक्यं त्या गोंगाटात बुडाली. तिने हेडफोन काढून बाजूला ठेवले, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, ‘हूं.’ रेकॉर्डर चालू होता. शेरे लिहायची वही पिशवीतच राहिली.